गुडघे शाबूत ठेवून खाली कसं पाडायचं? जिऊ-जित्सूसाठी कमी जोखमीचे टेकडाउन

दोन_स्ट्राइप

पांढरा पट्टा, वय ३८, वजन ७६ च्या आत. आठवड्यात तीन क्लास: दोन गी (जाड कापडाचा पोशाख घालून), एक नो-गी (त्याविना). दोन महिन्यांनी मास्टर २ वयोगटात स्पर्धेत उतरायचंय, आयबीजेजेएफचे (आंतरराष्ट्रीय जिऊ-जित्सू संघटनेचे) नियम, ५ मिनिटांची लढत.

क्लासमध्ये बहुतेक राउंड गुडघ्यावरूनच सुरू होतात. उभ्याचा सराव आठवड्याला जेमतेम २०-२५ मिनिटं. एवढ्यात दहा डाव बसणार नाहीत, म्हणून तीनच निवडायचे आहेत. डाव फसला तरी समोरच्याला माझी पाठ मिळता कामा नये. माझा किंवा समोरच्याचा गुडघा जाता कामा नये. आणि गी काढला की सगळं नव्याने शिकावं लागू नये.

व्हिडिओंमध्ये डबल लेग (दोन्ही पाय धरून पाडणं) आणि ज्यूदोतले ओसोतो, सेओई, तानी ओतोशी अशा सगळ्यांवरच ‘नवशिक्यांसाठी सोपा’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यातून निवड होत नाही. ‘सरळ गार्ड पुल कर’ (स्वतःच खाली बसून पायांनी समोरच्याला अडवायचं) हे उत्तर मला ठाऊक आहे, ते वगळून सांगा.

---

कॉलर_आणि_बाही

‘कमी जोखीम’ या एका नावाखाली तीन वेगळे हिशेब येतात. तुम्हाला लागेल का, समोरच्याला लागेल का, आणि फसला तर तुम्ही कुठे पडाल. सेओई नागे (आपल्याकडचा धोबीपछाड) दुखापतीच्या दृष्टीने तसा ठीक, पण त्यात तुम्ही स्वतःच पाठ फिरवता. अर्धवट राहिला की समोरचा पाठीवर, दोन्ही हुक (तुमच्या मांड्यांत अडकवलेले त्याचे पाय) आत, ४ गुण. तानी ओतोशीत फसलात तर फार तर खाली बसता, पण समोरच्याचा गुडघा जाऊ शकतो. डबल लेगमध्ये तुमचा स्वतःचा गुडघा मॅटवर आपटतो आणि मान गिलोटिनपुढे (पुढून गळा आवळायची पकड) येते. तिन्ही हिशेबांत पास होणारे डाव थोडे आहेत. माझी यादी: कॉलर ड्रॅग (नो-गीत आर्म ड्रॅग), स्नॅप डाउन (मान खाली ओढून गुडघ्यांवर आणणं) आणि अँकल पिक (घोटा धरून पाडणं). हे तिन्ही एकाच पकडीतून निघतात, ही मोठी सोय.

कॉलर ड्रॅग सविस्तर लिहितो, कारण चुकीचा केलेला सगळ्यात जास्त हाच दिसतो.

तुमचा उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरवर, म्हणजे आडवी पकड. उंची कॉलरबोनच्या आसपास. मानेपर्यंत खोल घातलात तर ओढायला जोर मिळत नाही, पोटापाशी धरलीत तर नुसता गी ओढला जातो, माणूस जागेवरच. डाव्या हाताने त्याची उजवी बाही धरा. आता त्याला हलकं ढकला. तो उलट ढकलतो आणि उजवा पाय पुढे टाकतो, तोच क्षण. तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टाका, कंबर खाली सोडा आणि कॉलर तुमच्या उजव्या नितंबाच्या पलीकडच्या जमिनीकडे ओढा. पुन्हा सांगतो, जमिनीकडे. छातीकडे नाही. छातीकडे ओढलंत की तो तुमच्याच अंगावर येतो, त्याचा गुडघा तुमच्या तोंडावर आणि तुम्ही आयतेच साइड कंट्रोलखाली (बाजूने छातीने दाबलेले). बसताना अंग त्याच्या सरळ रेषेतून बाजूला गेलेलं हवं.

बरोबर झालं तर त्याचे हात मॅटवर टेकतात. लगेच डावा हात त्याच्या कमरेवरून पलीकडे, गुडघ्यांवर या आणि मागे जा. इथे बहुतेक जण कॉलर सोडून देतात. दोन्ही हुक लागेपर्यंत ती सोडायची नाही. तो पूर्ण पडला नाही, नुसता झुकला, तर डावा हात त्याच्या उजव्या टाचेवर टाका. तुम्ही बाजूलाच बसलेले असता, टाच हाताशी असते. आणि काहीच झालं नाही तर? तुम्ही हातात कॉलर घेऊन बसलेल्या गार्डमध्ये आहात. म्हणजे फसलेल्या कॉलर ड्रॅगची किंमत एका गार्ड पुलएवढी. असा सौदा दुसऱ्या कुठल्या डावात मिळत नाही.

नो-गीत: डाव्या हाताने त्याचं उजवं मनगट, उजव्या हाताने त्याच हाताचा दंड मागून, बगलेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. कोपराजवळ धरलंत तर घामाने निसटतं. बाकी पावलं तीच.

अँकल पिक: उजवा हात मानेमागे किंवा कॉलरवर, डाव्या हाताने त्याची उजवी टाच. उचलायच्या पायावर वजन नसावं असं वाटतं आणि तिथेच चूक होते. पाय हलका असला की तो नुसता मागे घेतो. त्याचं डोकं त्याच्याच उजव्या गुडघ्यावर येईल असं ओढा, वजन त्या पायावर बसू द्या, मग टाच धरा आणि मानेवरचा हात ओढण्याऐवजी ढकलायला लागा. टाच तुमच्याकडे, खांदे त्याच्या मागे. हात मागून, टाचेच्या वर, अंगठा बाकी बोटांबरोबर. एकच गुडघा टेका. दोन्ही टेकलेत आणि तो निसटला तर पुढची चाल त्याची.

पाडल्यावर ३ सेकंद वर स्थिर राहिल्याशिवाय २ गुण मिळत नाहीत. पडल्या पडल्या पास करायची (त्याचे पाय ओलांडायची) घाई असते, त्यात तो उठून जातो. घोटा हातात ठेवूनच उभे व्हा, ३ मोजा, मग पुढचं.

---

लाल_माती

वरच्या भावानं झकास लिहिलंय. कुस्तीतून जिऊ-जित्सूला येणाऱ्यांसाठी आणि कुस्तीचे व्हिडिओ बघून डाव उचलणाऱ्यांसाठी थोडं सांगतो.

तालमीत पट (पाय धरून पाडायचा डाव) काढताना मानेची भीती नसते. गळा दाबणं कुस्तीत बसतच नाही, त्यामुळं डोकं खाली घालून घुसायची सवय लागते. इथं तेच डोकं गिलोटिनमध्ये जातं. तुम्हाला एकेरी पट (सिंगल लेग) काढायचाच असेल तर डोकं आत, त्याच्या छातीला कान चिकटलेला, नजर वर. पांढऱ्या पट्ट्याला तर डोकं बाहेर ठेवून सिंगल लेग आयबीजेजेएफच्या नियमात चालतच नाही, हे आधी माहीत असू दे. नाहीतर चांगला पकडलेला पाय रेफरी सोडायला लावतो.

दुसरं, कुस्तीत पोटावर पडून राहणं हा बचाव आहे. चीत झाला नाही म्हणजे वाचला. इथं पालथा पडलास की पाठ दिलीस. म्हणून ढाक, धोबीपछाड, टांग असले पाठ फिरवून मारायचे डाव तुझ्या यादीत नकोत. कलाजंगसुद्धा नको. दोन्ही गुडघे टेकून डोकं त्याच्या बगलेखाली घालायचं आणि उचलला गेला नाही तर तिथंच अडकायचं. शिवाय अडतिसाव्या वर्षी ७६ किलो खांद्यावर घ्यायची हौस कशाला?

तिसरं मातीचं. मातीत पाय रुततो आणि फिरतोसुद्धा. मॅटवर तळवा चिकटतो, अंग फिरतं, पाय तिथंच राहतो आणि पीळ गुडघ्यात जातो. म्हणून मॅटवर फिरताना चवड्यावर फिरायचं, टाच उचललेली. दोन मॅटच्या फटीत अंगठा अडकून मोडणं ही रोजची गोष्ट आहे. राउंडआधी मॅट पायानं सरकवून जुळवून घ्या.

एकेरी पट हातात आल्यावर पाठीच्या जोरानं वर उचलू नको, कंबर धरते. पाय मांड्यांत दाबून धर, खांदा त्याच्या मांडीवर टाक, मागच्या पायानं अर्धगोल मागं फिर आणि खाली बसव. तो एका पायावर उड्या मारत असला तर त्या उभ्या पायाला झाडायचं असतं ते घोट्याशी. गुडघ्याला बाजूनं लाथ बसली की त्याची लिगामेंट गेली. सरावात तरी तो पाय झाडूच नको, नुसतं फिरवून बसव.

---

अर्धी_बाही

मी ज्यूदोच्या बाजूने भर घालते. कॉलर_आणि_बाही यांच्या यादीत एक पायाचा डाव हवा होता, कोउची गारी. टिकून उभं राहणाऱ्या माणसाला हलवायला यासारखं स्वस्त काही नाही.

डावा हात त्याच्या उजव्या बाहीवर, उजवा हात त्याच्या डाव्या कॉलरवर. त्याचा उजवा पाय पुढे येऊन टेकत असतो आणि वजन अजून पूर्ण बसलेलं नसतं, तेव्हा तुमच्या उजव्या तळव्याने त्याची उजवी टाच आतून झाडायची, त्याची बोटं ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने. बाही खाली, कॉलर त्याच्या उजव्या टाचेमागच्या कोपऱ्याकडे. तळवा उभा वळवलेला हवा, करंगळीची कड मॅटला घासत जाते. तळव्याऐवजी नडगीने मारलंत तर दोघांच्या नडग्या सुजतात आणि पाय हलतही नाही. झाडताना स्वतः मागे झुकलात तर तो अंगावर येतो. पाय अर्धवट अडकून राहिला, तर बाही सोडून डाव्या हाताने तीच टाच धरा. झाला अँकल पिक. फसला तर दोघेही उभेच, पकडी तशाच.

आता जे करू नये त्याबद्दल, कारण प्रश्नात तानी ओतोशीचं नाव आहे. नीट मारलेल्या तानी ओतोशीत तुमचा पाय त्याच्या दोन्ही टाचांमागे मॅटवर आडवा सरकतो आणि तो त्यावरून मागे पडतो. नवशिके त्याऐवजी त्याच्या मांडीला किंवा गुडघ्याला बाजूने चिकटून धपकन खाली बसतात. त्याचा तळवा मॅटला चिकटलेला, बाहेरून तुमचं पूर्ण वजन, गुडघा आत मोडतो. पाठीमागून कंबरेला मिठी मारली की हा डाव आपोआप सुचतो, म्हणून तो जास्त घातक. त्याऐवजी एक गुडघा टेका, मिठी घसरवत एका घोट्यावर आणा, खांदा त्याच्या नितंबाखाली लावून पुढे ढकला. तो हातांवर पडतो, कुणाच्याच गुडघ्यावर भार येत नाही.

कानी बासामी (समोरच्याचे पाय आपल्या पायांच्या कात्रीत धरून पाडणं) तर विचारूसुद्धा नका. १९८० च्या अखिल जपान स्पर्धेत ज्यूदोपटू यामाशिता यांचा पाय प्रतिस्पर्धी एंदो यांच्या याच डावात मोडला होता. ज्यूदोत आज तो बंद आहे आणि आयबीजेजेएफमध्येही. गार्डवर उडी मारणंही पांढऱ्या पट्ट्याला बंद आहे, आणि ते योग्यच आहे. समोरच्याचा गुडघा ताठ असताना ७६ किलो त्यावर लटकले तर काय होईल ते सांगायला नको.

ओसोतो गारी मी मधल्या खान्यात ठेवेन. शिकायला चांगला, पण एका पायावर उभं राहून छातीला छाती लावावी लागते आणि समोरचा जड असेल तर तोच तुम्हाला त्याच डावाने मागे टाकतो. दोन महिन्यांत नको.

आणि पाडण्याआधी पडणं. जिऊ-जित्सूच्या क्लासमध्ये उकेमी (न लागता पडण्याचा सराव) वॉर्म-अपपुरती उरकतात. पडताना मागे हात टेकवला की कोपर किंवा मनगट जातं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून साधारण ४५ अंशांत आपटायचा, तळवा खाली. बाही धरून पाडणाऱ्याने ती शेवटपर्यंत धरून वर ओढावी, म्हणजे समोरच्याचं डोकं आपटत नाही आणि तो हात टेकवूही शकत नाही. वीस मिनिटांतली पाच यावर घालवा.

---

खाली_बसा

गार्ड पुल वगळायला सांगितलंय तरी लिहितो, कारण नियमाचा मुद्दा राहून जातोय. पकड नसताना नुसतं खाली बसलात तर दंड आहे. आणि त्याने तुमचा पाय आधीच धरलेला असताना गार्ड पुल केलात आणि तो वर स्थिरावला, तर त्याला २ गुण मिळतात. म्हणजे गार्ड पुल ही फुकटची सुटका नाही, तिलाही वेळ साधावी लागते: पकड आधी तुमची, पाय त्याच्या हाताबाहेर. कॉलर ड्रॅग हा पर्याय म्हणूनच आवडतो. पडलो तर गार्ड, पडला तर पाठ.

---

दोन_स्ट्राइप

सर्वांचे आभार. म्हणजे कॉलर ड्रॅग, कोउची, अँकल पिक आणि नो-गीसाठी स्नॅप डाउन. चार झाले, पण साखळी एकच आहे, चालेल.

दोन अडचणी. एक, आमच्याकडचे बहुतेक जण कमरेत वाकून, हात ताठ करून, ढुंगण मागे काढून उभे राहतात. पाय सापडतच नाहीत, कोउची कशी लागणार? दोन, सिंगल लेगला गेलो की गिलोटिन बसतोच. डोकं आत ठेवतो, तरी.

---

अर्धी_बाही

पहिल्याचं उत्तर: तशा माणसाला कोउची लागत नाही, बरोबर. तो डाव सरळ उभ्या माणसासाठी. ज्यूदोत २०१३ पासून हाताने पाय धरायला पूर्ण बंदी आहे, म्हणून तिथे सगळे ताठ उभे राहतात. जिऊ-जित्सूत पाय वाचवायला वाकतात. वाकलेल्या माणसाचं डोकं पायांच्या पुढे आलेलं असतं, ते खाली ओढायचं. स्नॅप डाउन.

---

कॉलर_आणि_बाही

हो, आणि स्नॅप डाउन मी वर नावापुरता लिहिला होता, तो आता पुरा करतो.

ताठ हातांशी ताकदीने भांडू नका. आधी एका हाताचं मनगट किंवा बाही धरून तो हात आतल्या बाजूला पाडा आणि त्याच वेळी एक पाऊल रेषेबाहेर जा. उजवा हात मानेमागे, कोपर त्याच्या छातीवर टेकलेलं. डाव्या हातात त्याचं उजवं कोपर. त्याला पुढून ढकला. तो परत ढकलतो. आता दोन्ही पाय मागे फेका आणि कोपर जमिनीकडे सोडा. हाताने ओढायचं नाही, अंगाचं वजन लटकवायचं. हाताने ओढणाऱ्याचे खांदे दोन मिनिटांत भरून येतात आणि समोरचा नुसती मान झटकतो.

तो गुडघ्यांवर आला की तुमची छाती त्याच्या खांद्यांच्या मधोमध, डोक्यावर नाही. मानेवर बसलात तर मणक्याला धोका, आणि तुमचं वजन पुढे गेल्याने तो पाय पकडतो. एक हात हनुवटीखाली, दुसरा त्याच्या दंडावर. दंडाचा हात आत दाबून धरा आणि त्याच बाजूने मागे फिरा. उलट बाजूने फिरायला गेलात तर त्याचा मोकळा हात तुमचा पाय अडवतो. मागे पोचल्यावर लगेच हुक टाकायला जाऊ नका, आधी कमरेवर छाती आणि ३ सेकंद.

---

लाल_माती

गिलोटिनचं मी सांगतो. डोकं आत ठेवतोस पण नजर खाली असणार, पैजेवर सांगतो. नजर खाली गेली की मान पुढं येते आणि हनुवटीखाली जागा होते. पाय धरल्यावर कपाळ त्याच्या छातीला लावून वर बघायचं, पाठ सरळ, आणि थांबायचं नाही. पाय धरून विचार करत उभा राहिलास की तो गळ्याला हात घालणारच. दोन सेकंदात फिरवून बसवलं नाही तर पाय सोड आणि मागं हो.

तरी अडकलास तर आधी त्याचं मनगट दोन्ही हातांनी खाली ओढ, मग पड. आणि पडताना डोकं ज्या बगलेत आहे त्याच्या उलट बाजूला उतर. त्याच बाजूला उतरलास तर गळा आणखी आवळतो. सरळ त्याच्या पायांमध्ये पडलास तर क्लोज्ड गार्ड (तुझ्या कमरेभोवती बांधलेले त्याचे पाय) मिळून तिथंच खेळ संपला.

---

कॉलर_आणि_बाही

वेळेचं असं करा: ५ मिनिटं पडणं. ८ मिनिटं जोडीदार न अडवता, प्रत्येक डाव १० वेळा, फक्त तोल जाईपर्यंत. पूर्ण पाडायचं नाही, त्यामुळे अंग धरत नाही आणि आकडा भरतो. उरलेली ८-१० मिनिटं २-२ मिनिटांचे राउंड: एकाने फक्त पकड घ्यायची आणि तुमचे चार डाव, दुसऱ्याने फक्त सोडवायचं. गुडघा टेकला किंवा हात टेकला की थांबून पुन्हा उभं. जोडीदार १५-२० किलोने जड असेल तर त्याच्याशी नुसती पकडीची झटापट, पाडापाडी नाही. शेजारच्या जोडीपासून दोन मॅटचं अंतर ठेवा. जमिनीवर लोळणाऱ्या दुसऱ्या जोडीच्या अंगावर पडून होणाऱ्या दुखापती कुठल्याच डावाच्या खात्यात धरल्या जात नाहीत, पण होतात भरपूर.

---

दोन_स्ट्राइप

नजर खालीच होती. आज व्हिडिओ काढून बघितला. कॉलर ड्रॅगमध्ये छातीकडेच ओढतोय, तेही दिसलं. डाव्या बाजूनेही शिकू का, की दोन महिन्यांसाठी उजवीच पुरे?

---

कॉलर_आणि_बाही

कॉलर ड्रॅग आणि स्नॅप डाउन दोन्ही बाजूंनी, कारण समोरचा कुठला पाय पुढे ठेवेल ते तुमच्या हातात नाही. त्याचा डावा पाय पुढे असेल तर डावा हात त्याच्या डाव्या कॉलरवर, बाकी सगळं आरशातलं. कोउची आणि अँकल पिक उजवीकडूनच राहू देत.